मुंदु, मीर आणि संवसार

चावी, पगार, लिलाव, बटाटा, घमेलं, तुरुंग. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द मोजायला बसलं तर चुलीपासून कोठडीपर्यंत सगळं सापडतं. सापडत नाही तो जगाला म्हणायचा शब्द. पोर्तुगीज साडेचारशे वर्षं गोव्यात ‘मुंदु’ म्हणत राहिले, पण त्यांचा मुंदु काही शापोरा नदी ओलांडून पेडण्यात आला नाही. डिचोलीतही नाही.

असं का झालं, यावरून चवथीच्या दुसऱ्या दिवशी पेडण्यातल्या एका घरात मामा-भाचीची चांगलीच जुंपली. मामा निवृत्त मराठी शिक्षक. भाची डिचोलीला दिलेल्या बहिणीची मुलगी, ती पोर्तुगीज शिकवते. मी शेजारी, आरतीला म्हणून गेलो आणि बसून राहिलो. दोघंही बोलत होती कोकणीत, पेडणेकरी वळणाच्या. मी लिहितोय मराठीत. बोलायचं एका भाषेत आणि लिहायचं दुसरीत, ही आमच्या तालुक्याची जुनी सवय. त्यावर वेगळं भांडण होऊ शकतं, ते इथे नको.

मामा : बाय, मुलांना ‘मुंदु’ शिकवतेस ना? मग सांग बघू, त्याचा मूळ अर्थ काय?

भाची : नीटनेटकं. लॅटिनमध्ये ‘मुंदुस’ हे विशेषण आहे, स्वच्छ, नीटस अशा अर्थाचं. त्याचंच नाम झालं की अर्थ दोन निघतात. एक, बायकांचा साजशृंगार. दुसरा, हे सगळं जग.

मामा : साजशृंगार आणि जग? एकाच शब्दात?

भाची : ग्रीकांमुळे. त्यांचा ‘कॉस्मॉस’ आधीपासून तसाच होता. होमरच्या काव्यात सैन्य रांगेत लावायचं तेही त्याच धातूनं सांगितलंय आणि हेरा देवी झ्यूसला भुलवायला नटते तो साजही कॉस्मॉसच. जे जिथे शोभतं तिथे ठेवलेलं, ते कॉस्मॉस. विश्वाला हे नाव पहिल्यांदा पायथागोरसनं दिलं, असं ग्रीकच सांगत आले.

मामा : (वर बोट दाखवत) मग ही काय वेगळी आहे? माटोळी! लाकडाची चौकट, तिला सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड, तोरिंजन, कवंडळ, आंबाडे, चिबूड. सगळं रान गणपतीच्या डोक्यावर टांगलेलं, पण कसंही नाही, जिथलं तिथे. व्यवस्थाही तीच आणि शोभाही तीच. ग्रीकांचं मन मला कळलं बघ.

भाची : माटोळी छान आहे, पण मन इतक्या लवकर कळत नसतं मामा.

इथे वादाला तोंड फुटलं. मामांचं म्हणणं असं की माणसं जगाला काय नाव देतात त्यावरून ती जगाकडे कशी बघतात ते कळतं. ग्रीकाला व्यवस्था दिसली, रोमनाला टापटीप दिसली, आपल्या पूर्वजांना गती दिसली. जगत् म्हणजे जाणारं, गम् धातूवरून आलेलं. शब्द उघडला की समाज उघडतो. भाचीला हे मुळातच मान्य नव्हतं.

भाची : रोमन माणसानं जगाकडे बघितलं आणि त्याला टापटीप दिसली, असं झालेलं नाही. त्यानं ग्रीकांचा शब्द बघितला आणि आपल्या भाषेत त्याच्या जोडीचा शोधला. पहिल्या शतकात प्लिनी स्वतःच दोन्ही शब्द शेजारी ठेवून सांगतो, की ग्रीक अलंकाराचं नाव देतात आणि आम्हीही सौंदर्यावरूनच मुंदुस म्हणतो. हे भाषांतर आहे, साक्षात्कार नव्हे. आणि आजच्या पोर्तुगीज माणसाला विचारा, ‘मुंदु’ म्हणताना त्याच्या मनात स्वच्छता येते का? काही येत नाही. फक्त ‘इमुंदु’ म्हणजे घाणेरडं, या शब्दात ती अडकून राहिलीय. आणि ‘मोंदार’मध्ये.

मामा : ते काय?

भाची : तण काढणं. लॅटिनमध्ये स्वच्छ करण्याला ‘मुंदारे’ म्हणत, त्यावरून. इटलीत भातशेतीत तण काढणाऱ्या बायकांना ‘मोंदिना’ म्हणायचे, तेही त्याच शब्दावरून. म्हणजे जग एकीकडे गेलं आणि स्वच्छता चिखलात वाकून तण उपटत राहिली. दोघांची आता ओळखसुद्धा नाही.

मामा : आणि कॉस्मॉसचं?

भाची : ते म्हापशाच्या बाजारात आहे. कॉस्मेटिकच्या दुकानात.

माझं लक्ष इथे जरा दुसरीकडे गेलं. १९९४ साली सुष्मिता सेन ‘मिस युनिव्हर्स’ झाली आणि त्याच वर्षी ऐश्वर्या राय ‘मिस वर्ल्ड’. मराठीत मात्र दोघींनाही सर्रास विश्वसुंदरी म्हटलं गेलं. इंग्रजीत वर्ल्ड लहान आणि युनिव्हर्स मोठं. आपलं ‘विश्व’ दोन्हींना पुरतं. क्रिकेटचा विश्वचषकही त्यात मावतो आणि आकाशगंगाही मावतात. नटणं आणि विश्व या दोन गोष्टी एका मुकुटाखाली आणणाऱ्या स्पर्धेचं नाव ग्रीकांना मात्र मुळीच विचित्र वाटलं नसतं. असो.

मामा : बरं, ग्रीक-रोमन सोड. इंग्रजी घे. वर्ल्ड.

भाची : जुन्या इंग्रजीत ‘वेओरोल्ड’. त्यात दोन शब्द आहेत. ‘वेर’ म्हणजे पुरुष, माणूस; आपला ‘वीर’ आणि लॅटिनचा ‘विर’ त्याचेच भाऊबंद. दुसरा शब्द वयाचा, काळाचा. म्हणजे माणसाचं युग. जर्मनचा ‘वेल्ट’, डचांचा ‘वेरेल्ड’, स्वीडिशचा शब्द, सगळे त्यातलेच.

मामा : बघ! ग्रीकाला रचना दिसली, जर्मनाला माणूस आणि त्याचा काळ. स्वभाव वेगळे, म्हणून नावं वेगळी.

भाची : मग रुमानियन घ्या. ती लॅटिनचीच लेक, पोर्तुगीजची सख्खी बहीण. तिच्याकडे मुंदुस यायला हवा होता. तिथे जगाला म्हणतात ‘लुमे’. मूळ लॅटिन ‘लुमेन’, म्हणजे उजेड. रोमनांच्या लेकीला अचानक टापटीप सोडून उजेड का दिसायला लागला?

मामा : का?

भाची : शेजार. जवळपास सगळीकडून स्लाव्ह भाषा. रशियनमध्ये ‘स्वेत’ म्हणजे उजेडही आणि जगही. पोलिश ‘श्व्यात’ आणि चेक ‘स्व्येत’ त्याच घरचे. त्यांचा आणि आपल्या ‘श्वेत’चा धातू एक आहे. रुमानियन लोकांनी शब्द आपला ठेवला आणि त्यात अर्थ शेजाऱ्याचा भरला. त्यांच्या पलीकडे हंगेरियन, म्हणजे या कुळाशी काडीचंही नातं नसलेली भाषा. तिथेही ‘विलाग’ म्हणजे जग, आणि ‘विलागोश’ म्हणजे उजळ. रक्ताचा काही संबंध नाही, मामा. कुंपणाला कुंपण लागून होतं, एवढंच.

मामा थोडे गप्प झाले. पण शाळेत तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस इतक्यात हार मानत नाही.

मामा : आपला ‘लोक’ विसरलीस. त्रिलोक, परलोक, इहलोक. लोकन, अवलोकन, म्हणजे बघणं. तोही उजेडाचाच.

भाची : हो, आणि हे तुम्ही बरोबर पकडलंत. लोक म्हणजे मुळात मोकळी, उजेडाची जागा. लिथुआनियनमध्ये ‘लाउकास’ म्हणजे शेत, मोकळं रान. दोघं एकाच धातूचे धरतात, आणि त्याच धातूवरून लॅटिन ‘लुक्स’, म्हणजे प्रकाश. लिथुआनियनमध्ये जगाला मात्र ‘पासाउलिस’ म्हणतात, सूर्याखालचं.

मामा : आणि आपल्याकडे लोक म्हणजे माणसंही.

भाची : तेही एकट्या आपल्याकडे नाही. रुमानियनमध्ये ‘लुमे’ म्हणजे माणसंसुद्धा. फ्रेंचमध्ये ‘सगळं जग’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘सगळेजण’. ब्राझीलमध्येही ‘तोदु मुंदु’ म्हणजे झाडून सगळे. जगाला नाव देता देता माणूस स्वतःच त्यात येऊन बसतो.

मामा : म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरतंय.

भाची : नाही. तुमचं म्हणणं होतं की एका समाजाला एक मन असतं आणि त्याचं एक नाव. मग आपलं मन कुठलं, ते सांगा. जगत् म्हटलं तर चालणारं. भुवन म्हटलं तर झालेलं. सृष्टी म्हटलं तर सोडलेलं, निर्माण केलेलं. ब्रह्मांड म्हटलं तर अंडं. लोक म्हटलं तर उजेडाची जागा. विश्व म्हटलं तर नुसतं ‘सगळं’. ऋग्वेदात विश्वेदेव म्हणजे सगळे देव. एकाच समाजाचे हे सहा शब्द. ग्रीकांचंही तसंच. कॉस्मॉस होताच, शिवाय ‘पान’ म्हणजे सर्व आणि ‘होलॉन’ म्हणजे अखंड. स्टोइक पंथवाले तर या दोघांत फरक करायचे : होलॉन म्हणजे जग, आणि पान म्हणजे जग अधिक त्याच्या बाहेरची अनंत पोकळी.

मामा : सहा असतील. पण टिकला कुठला, ते बघ. घराघरांत बोलला जातो तो जग. भुवन कुठे आहे?

भाची : मुंबईच्या खाणावळींच्या पाट्यांवर.

यावर मामाही हसले. मला मात्र मामांचा प्रश्न खरा वाटला. कोशात शब्द सहा असले तरी माणूस तोंडात एक-दोनच ठेवतो, आणि ती निवड कशी होते याचं उत्तर भाचीनं दिलं नाही. ती वळली दुसऱ्याच वाटेला, आणि वादातला सगळ्यात रसाळ भाग तिथेच निघाला.

भाची : रशियनमध्ये जगाला आणखी एक शब्द आहे, ‘मीर’. मीर म्हणजे शांतताही. आता दोन्ही एकसारखेच लिहितात. १९१८च्या लिपिसुधारणेआधी दोघांची अक्षरं वेगळी होती. त्यामुळे टॉल्स्टॉयच्या कादंबरीच्या नावात ‘जग’ होतं असं पुष्कळांना वाटतं. तिथे शांतताच आहे. पण तिसरा अर्थ तुमच्या कामाचा. रशियन खेड्यातली जमीन सगळ्या गावाची मिळून असायची, ती वाटून द्यायची आणि गावाचे निर्णय घ्यायचे, त्या गावसभेलाही शेतकरी मीरच म्हणत.

मामा : म्हणजे गावकारी!

भाची : जवळपास.

मामा : जवळपास काय, तीच. पोर्तुगीजांनी तिला ‘कोमुनिदाद’ केलं. शेतं गावकारीची, ती लिलाव करून कसायला द्यायची, उरल्या पैशांत देवाचं, बांधाचं, बांधातल्या पाण्याच्या दाराचं म्हणजे मानसाचं बघायचं. त्या माणसाला गावाबाहेर जग होतंच कुठे? रशियन शेतकरी गावाला जग म्हणाला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

भाची : आणि मराठी माणसानं उलटं केलं, ते तुमच्या लक्षात आलंय? त्यानं जगाचंच घर केलं. संसार म्हणजे शास्त्रात काय? जन्ममरणाचा फेरा, हे सगळं वाहतं जग. प्रपंच म्हणजे काय? या दृश्य विश्वाचा पसारा. आणि मराठीत? पोरीचा संसार सुखाचा झाला, म्हाताऱ्याला प्रपंच सुटत नाही. दोन्ही शब्द तत्त्वज्ञानातून निघाले आणि येऊन थांबले दोन खोल्या नि एका चुलीपाशी.

मामा : ग्रीकांचं?

भाची : ते घराकडून जगाकडे गेले. ‘ओइकॉस’ म्हणजे घर. त्यावरून ‘ओइकुमेने’ म्हणजे वसती असलेला मुलूख, म्हणजे त्यांच्या ओळखीचं सगळं जग. धर्मग्रंथांचं भाषांतर करताना स्लाव्ह पंडितांनी त्याचंच रूप उचललं आणि रशियनमध्ये विश्वाला शब्द झाला ‘व्सेलेन्नाया’.

मामा : (टुणकन सरसावत) वसलेली! बाय, वसलेली! आपलाच शब्द!

भाची : (हात जोडून) मामा, नाही. त्यात ‘व’ हा ‘आत’ अशा अर्थाचा उपसर्ग आहे, आणि पुढे ‘सेलो’ म्हणजे गाव, त्याचं क्रियापद. आपलं ‘वसणं’ येतं वस् धातूपासून. अर्थ जुळला, आवाज जुळला, पण नातं नाही. पुष्कळ रशियनांनाही त्यात ‘व्से’ म्हणजे ‘सर्व’ ऐकू येतं, तेसुद्धा चूक. ‘सर्व’ आहे तो चेक ‘वेस्मीर’मध्ये : वेस म्हणजे सगळं, मीर म्हणजे जग. आणि तो ‘वेस’ आपल्या ‘विश्व’चा नातलग मानला जातो.

मामा : मग नातं खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे ठरवायचं कुणी?

भाची : नियमानं ठरतं. एका भाषेतला आवाज दुसरीत कसा बदलतो, ते एका शब्दात नव्हे, शेकडो शब्दांत तसंच दिसायला हवं.

मामा : आणि हे नातं पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं, ते इथेच, गोव्यात होते. हे तरी मान्य आहे ना?

हे मान्य करावंच लागतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं नोंदवलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. त्याच वर्षी फ्लोरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती कोचीत उतरला. पुढे तो गोव्यात आला आणि १५८८ साली इथेच वारला. त्यानं घरी लिहिलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्द जोडीनं मांडले : सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि ‘दियो’, सर्प आणि ‘सेर्पे’. विल्यम जोन्सचं कलकत्त्याचं प्रसिद्ध व्याख्यान १७८६चं, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचं. स्टीफन्सचं पत्र तर विसाव्या शतकापर्यंत छापलंच गेलं नव्हतं.

मामा : सास्सेत्तीच्या यादीत ‘सेत्ते’ आहे, सात. पोर्तुगीजमध्ये ‘सेत्त’. आणि तुमच्या डिचोली तालुक्यात नार्व्याला सप्तकोटीश्वर. दिवाडी बेटावरचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदी ओलांडून नार्व्याला आणलं, १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळाच्या नावातला सप्त आणि ते पाडणाऱ्याच्या तोंडातला सेत्त, एकाच आईचे! सांगून कुणाला खरं वाटेल?

भाची : एकाच आईचे आहेत, आणि तरी देऊळ पाडलं गेलं. शब्दांच्या नात्यावरून माणसांचं मन कळत असतं तर असं झालं नसतं.

हे बोलणं मामांना लागलं असावं. मलाही जरा कडू वाटलं, पण खोडता येईना.

मामा : पण सास्सेत्तीला पाठ्यपुस्तकात चार ओळी मिळायला काय हरकत होती?

भाची : मिळायला हव्यात. मात्र त्यानं यादी केली, कारण सांगितलं नाही. या भाषा आता नाहीशा झालेल्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं जोन्स म्हणाला. फरक तिथे आहे. आणि आता गंमत ऐका. त्या मूळ भाषेत विश्वाला एकच शब्द होता, असं काही सापडत नाही. सूर्याला आहे, आकाशाला आहे, पृथ्वीला आहे. तिच्या मुलींनी वेगळं झाल्यावर आपापला शब्द केला : कुणी साजावरून, कुणी माणसावरून, कुणी उजेडावरून.

मामा : मग त्याआधी सगळ्याला मिळून काय म्हणायचे?

भाची : आभाळ आणि भुई. ऋग्वेदात द्यावापृथिवी हा जोडशब्द आहेच. हिब्रूचं कूळ वेगळं, पण बायबलच्या पहिल्या वाक्यातही देव निर्माण करतो ते आकाश आणि पृथ्वी. विश्व असा एक शब्द तिथे नाही. फिनिश भाषेत आजही जगाला ‘माआइल्मा’ म्हणतात : माआ म्हणजे भूमी, इल्मा म्हणजे हवा. ‘सगळं’ हा शब्द माणसाला फार उशिरा लागतो. मग कोणी ‘उनिवेर्सुम’ करतो, एकाकडे वळलेलं. डच ‘हेलाल’ करतात, पूर्ण अधिक सर्व.

मामा : उनिवेर्सुमवरून युनिव्हर्सिटी.

भाची : तिचा ताऱ्यांशी काही संबंध नाही. मध्ययुगात शिक्षक-विद्यार्थ्यांच्या संघाला ‘उनिवेर्सितास’ म्हणत, म्हणजे सगळ्यांची मिळून एक संस्था. हिंदीनं त्याचं विश्वविद्यालय केलं. मराठीनं विद्यापीठ म्हणून सोडवून घेतलं.

आता मूळ प्रश्न उरला होता. मुंदु का आला नाही?

मामांचं उत्तर सरळ होतं : आमच्यावर पोर्तुगीज उशिरा आले. स्टीफन्स राशोलला बसून लिहीत होता तेव्हा पेडणं आणि डिचोली आदिलशाहीत होतं. पुढे सावंतवाडीकरांकडे गेलं. पोर्तुगीजांकडे आलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, डिचोली आधी आणि पेडणं १७८८ साली. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. इथे पुराण, कीर्तन, दशावतार मराठीतच चालू राहिलं. सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकात या टापूत मराठीतून अध्यात्म लिहीत होते. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. ज्या भाषेत ब्रह्मांडाची चर्चा रोज चालते तिला मुंदु कशाला लागेल?

भाची : मग साष्टी-बार्देशात तरी यायला हवा होता. तिथे सोळाव्या शतकापासून चर्च आहे. तिथली ख्रिस्ती प्रार्थना काय म्हणते? संवसार. सोर्ग. म्हणजे संसार आणि स्वर्ग. मिशनऱ्यांनी मुंदु आणलाच नाही, कारण लोकांना पटवायचं तर त्यांच्या शब्दात पटवायला हवं. स्टीफन्सनं १६१६ साली ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापलं, त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. बटाटा बोटीतून आला, म्हणून त्याचं नावही बोटीतून आलं. जग इथे आधीच होतं.

हे मला पटलं. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ लिहिला. असा उसना माल बहुतेक वस्तूंचा, हुद्द्यांचा आणि चर्चच्या सामानाचा असतो. विश्वाला लागणारा शब्द कोणी सहसा उसना घेत नाही. घेतो तो त्यामागची कल्पना, आणि ती आपल्याच शब्दात भरतो. रोमनांनी ग्रीकांची घेतली, रुमानियनांनी स्लाव्हांची, स्लाव्हांनी पुन्हा ग्रीकांची. म्हणून माझा कौल भाचीला. शब्दाच्या मुळातून समाजाचं मन दिसत नाही. कोण कोणाच्या शेजारी राहिला आणि कोणाचं पुस्तक वाचत बसला, ते दिसतं.

पण मामांनी एक शेवटचा मुद्दा काढला, आणि त्यावर भाची अडखळली.

मामा : आकाशाला आपण काय म्हणतो?

भाची : मळब.

मामा : आणि मराठीत मळभ म्हणजे?

भाची : ढगाळलेलं. अंधारून आलेलं.

मामा : पावसाचे चार महिने वर दुसरं काय दिसतं इथे? ढगालाच आम्ही आभाळ म्हटलं. हे कुठल्या शेजाऱ्याकडून घेतलं सांग!

भाची : (थोड्या वेळानं) इंग्रजी ‘स्काय’चंही तेच झालंय. मुळात नॉर्स शब्द, अर्थ ढग. डॅनिश आणि स्वीडिशमध्ये अजूनही ढगच. नॉर्वे आणि गोवा काही शेजारी नाहीत.

मामा : मग?

भाची : हा तुमचा.

एक मुद्दा मामांचा, बाकीचे भाचीचे, असा हिशोब मी मांडतो. पण मळब आणि मळभ, संवसार आणि संसार यांची सीमा नेमकी कुठून जाते, ते या दोघांनाही सांगता आलं नाही. ती आमच्याच दोन तालुक्यांतून कुठूनतरी जात असणार. पेडणे आणि डिचोलीच्या वाचकांनी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एवढं विचारावं : मळब म्हणजे आभाळ की ढग, आणि संवसार म्हणजे जग की घर? उत्तर गावाच्या आणि वाड्याच्या नावासकट लिहून ठेवावं. मोपाला विमानतळ झाला आहे, वाड्यावाड्यांवर नवी माणसं राहायला येताहेत. विचारायचं असेल तर येत्या चवथीलाच विचारा, तेव्हा सगळी घरी असतात.